चौकटींमधली पांढरी पट्टी

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर अजून ‘ग्रंथपाल बाई’ असंच लिहितेस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कोणी तसं म्हटलं की आवडतं.

तू लिहिलंयस की तीन वर्षं मोबाइलवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचण्यात गेली, आणि आता मामा म्हणतात हे वाचन नव्हे, नुसती चित्रं बघणं झालं. म्हणून अकरावीपासून तुला ‘खरी पुस्तकं’ वाचायची आहेत आणि ती कोणत्या क्रमाने वाचायची याची यादी हवी आहे. अशी यादी मी पूर्वी एकाला दिली होती. तिचं काय झालं ते आधी सांगते.

आमच्या वाचनालयात एक मुलगा यायचा, तुझ्याच वयाचा. कपाटातल्या बाबूराव अर्नाळकरांच्या सगळ्या रहस्यकथा संपवून तो नारायण धारपांच्या भयकथांकडे वळला होता. सकाळी नेलेलं पुस्तक संध्याकाळी बदलायला हजर. त्याचं कार्ड पाठपोट भरलं की मी मागे दुसरं जोडायची. एके दिवशी देवघेवीच्या टेबलावर मी त्याला म्हटलं, “आता जरा काहीतरी चांगलं वाच.” एक जाडजूड, पुरस्कार मिळालेली कादंबरी त्याच्या हातात ठेवली आणि पुढच्या दहा पुस्तकांची यादीही लिहून दिली. पंधरा दिवसांनी कादंबरी परत आली. आतली खूण विसाव्या पानाशी होती. त्यानंतर त्या कार्डावर एकही नोंद नाही. दोन महिन्यांनी त्याचे वडील येऊन अनामत रक्कम घेऊन गेले.

कादंबरी उत्तम होती आणि मुलगा आळशी नव्हता. दिवसाला एक पुस्तक संपवणाऱ्या वाचकाला मी सांगून टाकलं होतं की, तू अजून वाचायला सुरुवातच केलेली नाहीस. ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच नियम मी घोकले होते. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेत ते बरोबर लिहिले आणि टेबलावर बसल्यावर विसरले. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. म्हणून तुला यादी पाठवत नाही.

आता मामांच्या म्हणण्याकडे येते. मांगा वाचताना तू काय काय करतेस, याचा कधी विचार केलायस? एका चौकटीत कोणीतरी हात उगारलाय. पुढच्या चौकटीत नुसतं बंद दार आहे. मधे काय झालं ते चित्रकाराने काढलेलंच नाही. दोन चौकटींमधल्या त्या बोटभर पांढऱ्या पट्टीत ते तू घडवलंस. मार बसला की हात खाली आला, कोण बाहेर गेलं, दार आपटलं की हलकेच लावलं, हे सगळं तू ठरवलंस, आणि तेही उजवीकडून डावीकडे, तुला शाळेत शिकवलेल्या दिशेच्या उलट. हे वाचन नसेल तर मग वाचन कशाला म्हणायचं, मला माहीत नाही.

जपानी चित्रकार शांततेलाही आवाज देतात हे तुझ्या लक्षात आलं असेल. खोलीत कोणी बोलेनासं झालं की चित्रात ‘शीऽऽन’ असा शब्द उमटतो. आपल्याकडे पानांची सळसळ आहे, ओढ्याची खळखळ आहे, रात्रीची किर्र आहे. पण किर्र झाली तरी ती रातकिड्यांची. निव्वळ शांततेचा आवाज मराठीत लिहायचा तर काय लिहायचं? तुझं पत्र आल्यापासून मी शोधते आहे, अजून सापडलेला नाही. असा प्रश्न कवीला पडतो. तुला तो मांगाने घातला.

मोबाइलबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मांगा काढणारा पान उलटण्याचा हिशेब करून काढतो. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोणीतरी दचकून बघतं, आणि कशाकडे बघतं ते पान उलटल्यावरच कळतं. कधी दोन पानं मिळून एकच चित्र असतं. बोटाने वर वर सरकवताना हे हातातून निसटतं. म्हणून एक तरी खंड छापील घेऊन वाच. माझं ऐकशील तर केइजी नाकाझावा यांचा ‘बेअरफूट गेन’ घे. १९७३ साली तो मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः सुरू झाला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशाला होते म्हणून वाचले. घरात वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. पुस्तकातले चेहरे गोलमटोल आहेत, मुलं मारामाऱ्या करतात, हसतात, गाणी म्हणतात. मग त्याच रेषेने, त्याच हाताने, अंगावरची कातडी लोंबत चाललेली माणसं येतात. मी ते पन्नाशीत वाचलं. त्यानंतर दोन दिवस दुसरं पुस्तक उघडलं नाही.

दुसरं चित्रपुस्तक आपल्या भागातलं आहे. मसूरच्या स्टेशनवर तू कितीदा उतरली असशील. १९०१ साली याच स्टेशनवर साताऱ्याहून आलेली चार मुलं वडिलांचा माणूस न्यायला येईल म्हणून वाट बघत बसली होती. चांगले कपडे, डोक्याला टोप्या. स्टेशनमास्तरने जात विचारली, त्यांनी खरी सांगितली, आणि मग एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडीही मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार, असं शेवटी ठरलं. रात्रभर पाणी मिळालं नाही. त्या मुलांतला एक भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय.

दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी तो ‘भीमायन’मध्ये चितारला. २०११ साली ते इंग्रजीत आलं. त्यात चौकटी नाहीत. माणसांना डब्यात कोंडायचं नाही असं या दोघांनी ठरवलं आणि भिंतीवर, अंगणात काढायच्या दिग्ना नक्षीच्या वळणांनी पानाचे भाग पाडले. बोलण्याच्या फुग्यांचेही प्रकार केले. मायेच्या, साध्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. मी आयुष्यभर अक्षरं वाचली, पण कोणतं वाक्य डंख मारतंय हे वाक्य वाचण्याआधीच दिसावं, असं मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने दिलं नाही.

आता रहस्यकथा. मामांना विचार, त्यांनीही लपूनछपून वाचल्या असतील. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं आमच्या पिढीला तोंडपाठ होती. त्या सगळ्याच काही टिकाऊ नाहीत आणि मी तसं म्हणणारही नाही. पण एक युक्ती करून बघ. कुठलीही चांगली रहस्यकथा लागोपाठ दोनदा वाच. पहिल्यांदा धावत वाच, रात्री जागून वाच. दुसऱ्यांदा खुनी कोण ते माहीत असताना हळू वाच. मग दिसेल की लेखकाने कोणती गोष्ट कुठे सांगितली, कशाच्या आड ठेवली, कोणत्या वाक्यात खरं बोलूनही तुला चकवलं. अगाथा ख्रिस्तींची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ १९२६ साली आली तेव्हा काही वाचक संतापले, हा धडधडीत अन्याय आहे म्हणाले. दुसऱ्यांदा वाचलीस की कळेल, सगळं पहिल्यापासून समोरच होतं. कोणती माहिती कधी द्यायची हे ज्याला कळलं, त्याला वर्तमानपत्रातली बातमीही वेगळी दिसू लागते. बातमीत पहिल्या ओळीत काय आहे आणि शेवटच्या परिच्छेदात काय ढकललंय, हे तू आपोआप बघायला लागशील.

प्रवासवर्णनांचं मला विशेष प्रेम आहे, म्हणून इथे जरा थांबते. प्रवासवर्णन वाचताना आधी विचारायचं, हा माणूस घरातून का निघाला? विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईहून १८५७ साली निघाले. घरावर कर्ज होतं, आणि उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं होतं. काकांना बरोबर घेऊन निघाले ते थेट बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. पडलेली झाशी, लूट, जळती घरं त्यांनी डोळ्यांनी बघितली. स्वतःही अनेकदा लुटले गेले. शेवटी हाती उरली ती गंगेची कावड, आईवडिलांना स्नान घालायला. लिहिलं पुष्कळ वर्षांनी, आणि चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला तो १९०७ साली, भटजी गेल्यानंतर.

इतिहासाच्या पुस्तकात सैन्य कुठून आलं आणि तोफा कुठे लावल्या ते मिळेल. गोडसे भटजींकडे दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होतं, राणीचा दिवस कसा जायचा आणि गोळे पडत असताना माणसाच्या घशाला कोरड कशी पडते, हे मिळतं. भिक्षुकाची नजर आहे ती. पैशाची आणि अन्नाची नड असलेल्या माणसाची नजर. म्हणूनच ती विश्वासाची वाटते. तो ग्रंथ इतिहासाच्या कपाटात ठेवायचा की प्रवासाच्या, यावर माझा आणि आमच्या सहायकाचा कडाक्याचा वाद झाला होता. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या वर्गीकरणात प्रवास ९१० मध्ये भूगोलाला चिकटून बसतो, चित्रकथा ७४१.५ म्हणजे चित्रकलेत जाते, आणि कादंबऱ्या पार ८०० मध्ये. कपाटं लावायला हे सोयीचं. वाचणाऱ्याने मात्र आडवं चालावं.

आडवं चालावं म्हणजे काय, तर एक विषय धर आणि तो दोनतीन प्रकारांतून वाच. तुला जपानचं वेड आहेच. पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ १९६३ साली आलं, त्यातले जपानचे भाग काढ. युद्ध संपून वीसही वर्षं झालेली नाहीत आणि एक मराठी पाहुणा तिथली माणसं, तिथलं सौंदर्य, नाट्य डोळे भरून बघतोय. त्याच्या शेजारी ‘बेअरफूट गेन’ ठेव. एक देश बाहेरून आलेल्या रसिकाने बघितलेला, एक राखेतून उठलेल्या पोराने. मग पंडिता रमाबाईंनी अमेरिकेबद्दल काय लिहिलं तेही बघ, ते पुस्तक १८८९ सालचं आहे. विधवा बाई, इतक्या लांब. तिला त्या देशात शिकणाऱ्या आणि संस्था चालवणाऱ्या बायका ठळक दिसल्या. पुलंना जे दिसलं ते रमाबाईंना दिसलं नसतं, आणि उलटही खरंच.

आणि हे सगळं एकाच वेगाने वाचू नकोस. रहस्यकथा रमतगमत वाचलीस तर तिचा जीव जातो. गोडसे भटजींची भाषा जुनी आहे, रोज दहा पानं पुरे, शेजारी नकाशा उघडा ठेवून. वरसई, महू, ग्वाल्हेर, झाशी असं बोट फिरवत जा. चित्रपुस्तक एकदा भराभर आणि मग नुसतं चित्रांवरून, फुगे न वाचता. आवडलेल्या चार चौकटी पेन्सिलने वहीत उतरवून काढ. चित्रकला येत नाही म्हणू नकोस. काढताना कळतं की माणूस चौकटीत कोपऱ्यात का उभा केलाय. (वहीत म्हटलंय मी. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवलीस तर माझ्याशी गाठ आहे.)

पुस्तक नाही आवडलं तर पन्नास पानांनंतर खुशाल ठेवून दे. फक्त वहीत लिहून ठेव, कोणत्या पानावर सोडलं आणि त्या वेळी काय खटकलं. काही वर्षांनी तेच पुस्तक परत हातात घेशील तेव्हा ती ओळ उपयोगी पडेल. त्या मुलाच्या कादंबरीतली विसाव्या पानाची खूण मी नीट वाचली असती, तर त्याला पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं ते मला समजलं असतं.

मामांशी वाद घालू नकोस. त्यांना एक रहस्यकथा आणून दे.

‘भीमायन’ आपल्या वाचनालयात आहे, उजवीकडच्या भिंतीलगतच्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात. नव्या बाईंना माझं नाव सांग, त्या काढून देतील. शनिवारी जाशील तर निवांत बसायला मिळेल, त्या दिवशी गर्दी कमी असते. मसूरची पानं उघडलीस की आधी मजकूर वाचू नकोस, फुग्यांच्या शेपट्या बघ. स्टेशनमास्तरचा फुगा कसा आहे, गाडीवानाचा कसा, आणि त्या तहानलेल्या मुलांचा कसा, ते मला काढून पाठव. अंतर्देशीय पत्रावर जागा पुरणार नाही, पाकीटच वापर.

तुझी,
बाई