एकाच ब्लॉकेजचे दोन आकडे

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, मधुमेही. नाशिकमध्येच केलेल्या सीटी अँजिओत एलएडीमध्ये (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका मुख्य वाहिनीत) ७० टक्के ब्लॉकेज निघाले. पंधरा दिवसांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीत तेच ४५ टक्के सांगितले. नेमके कोण चुकले?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बहुधा कोणीच नाही. आणि ब्लॉकेज पंधरा दिवसांत विरघळलेलेही नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

एलएडी सुरुवातीला साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. सीटीची नजर मात्र सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच पोहोचते. ३ मिलिमीटरच्या वाहिनीत दीड मिलिमीटर वाट उरली असेल तर ब्लॉकेज ५० टक्के. तीच वाट मोजताना १ मिलिमीटर भरली की झाले ६७. त्यात मधुमेह्यांच्या वाहिन्यांत कॅल्शियम बरेचदा जास्त असते. सीटीत ते असते त्याहून फुगलेले दिसते (याला ब्लूमिंग म्हणतात) आणि आतली वाट झाकून टाकते. रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफाइड प्लाक’ (कॅल्शियम साचलेला थर) असे लिहिले असेल आणि कॅल्शियम स्कोअर (वाहिन्यांत किती कॅल्शियम आहे ते सांगणारा आकडा) ४०० च्या वर असेल, तर टक्केवारी वाढीव लागल्याची शंका घ्यावीच. तपासणीच्या वेळी नाडी किती होती तेही पाहा. ६०-६५ च्या वर ठोके असले की वाहिनीच्या कडा पुसट येतात. म्हणून तर आधी नाडी कमी करणारी गोळी देतात.

पण ४५ हाही ब्रह्मवाक्य नव्हे. अँजिओग्राफीत दिसते ती वाहिनीत सोडलेल्या डायची (एक्स-रेत दिसणाऱ्या औषधाची) सावली. एकाच बाजूला साचलेली चरबी एका कोनातून ठळक, तर दुसऱ्यातून जवळजवळ गायब. शिवाय टक्केवारी शेजारच्या ‘निरोगी’ भागाशी तुलना करून काढतात. मधुमेहात तो भागही बारीक झालेला असू शकतो, मग ब्लॉकेज कमी भरते. बरेचदा तर हा आकडा नुसत्या नजरेने लावलेला असतो.

म्हणून दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढत बसू नका. दोन्ही तपासण्यांच्या सीडी (फक्त छापील फिल्म नव्हे) घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना विचारा : एफएफआर केली होती का? ब्लॉकेजपलीकडे दाबमापक तार नेऊन रक्ताचा दाब ब्लॉकेजच्या अलीकडच्या बाजूच्या तुलनेत किती उरतो ते यात पाहतात. उत्तर ०.८० किंवा कमी आले तर प्रवाह खरोखर अडतो आहे. वर आले तर त्या जागी सहसा स्टेंट लागत नाही, औषधे मात्र चालूच राहतात. बसल्या जागी छातीत दुखू लागले, तर मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.