साहसी प्रवासाच्या तयारीसाठी जुन्या शोधकांबद्दल वाचून खरंच उपयोग होतो का?

होतो, पण पराक्रमाची वर्णनं सोडून त्यांची तयारी आणि परतीचं नियोजन वाचलंत तर. दक्षिण ध्रुवाच्या दोन मोहिमांच्या प्रकाशित नोंदी शेजारी ठेवा, फरक लगेच दिसतो. नॉर्वेचा शोधक रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोहोचला आणि ध्रुवावर गेलेले सगळे साथीदार सुखरूप परतले. त्याआधी काही वर्षं तो कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक इन्युइट या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहून कातडी कपडे आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या यांबद्दल शिकला होता. वाटेतल्या अन्नसाठ्याच्या दोन्ही बाजूंना त्याने कित्येक किलोमीटर आडवी झेंड्यांची रांग लावली. धुक्यात वाट जरा चुकली तरी एखादा झेंडा दिसावा, एवढंच गणित, आणि मला तरी त्या मोहिमेतली ही सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वाटते! दुसऱ्या मोहिमेचा प्रमुख, ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट, १७ जानेवारी १९१२ ला पोहोचला. परतताना साठ्यांमधल्या डब्यांत रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी निघालं. स्कॉटचा मुख्य साठा ठरल्या जागेपेक्षा पन्नासहून अधिक किलोमीटर अलीकडे, म्हणजे तळाच्या बाजूला, ठेवला गेला होता. शेवटचा तंबू त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर थांबला आणि तिथेच स्कॉट आणि त्याचे उरलेले साथीदार मरण पावले.

वाचताना हे टिपून ठेवा:
- इंधन आणि अन्न किती जास्तीचं होतं?
- परत फिरायची वेळ आधी ठरली होती का?
- स्थानिकांचं काय ऐकलं?

मात्र सगळा दोष नियोजनावर टाकू नका. स्कॉट परतत असतानाची, मार्च १९१२ मधली थंडी नेहमीपेक्षा कडक होती.