एचडी डीव्हीडी स्वस्त असूनही ब्ल्यू-रेपुढे का हरली?

एचडी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या हाय-डेफिनिशन सिनेमांच्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन डिस्क. तुमचा प्रश्न असा, की एचडी डीव्हीडीचे प्लेअर जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होते, तरी बाजी ब्ल्यू-रेने कशी मारली? माझ्या मते प्लेअरच्या किमतीवर ही लढाई ठरलीच नाही. सिनेमे काढणारे स्टुडिओ बघत होते डिस्क किती खपतात ते, आणि त्या खपवल्या सोनीच्या प्लेस्टेशन 3 या गेमच्या यंत्राने.

एप्रिल 2006 मध्ये तोशिबाने अमेरिकेत 499 डॉलरला एचडी डीव्हीडीचा प्लेअर आणला. जूनमध्ये सॅमसंगचा ब्ल्यू-रे प्लेअर आला, तो 999 डॉलरला. अर्थातच सुरुवातीला एचडी डीव्हीडी पुढे होती. नोव्हेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन 3 काढला आणि ब्ल्यू-रे ड्राइव्ह त्याच्या आतच दिला. गेमसाठी यंत्र घेतलेल्या माणसाला सिनेमाची डिस्क लावायला वेगळा खर्च उरला नाही. मायक्रोसॉफ्टने मात्र आपल्या एक्सबॉक्स 360 या गेमच्या यंत्रासाठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा, वर 199 डॉलर घेऊन विकला. पुढे 2007 मध्ये अमेरिकेत ब्ल्यू-रेच्या डिस्क साधारण दुपटीने खपत राहिल्या.

तोशिबाने प्रयत्नांत कसूर केली नाही. ऑगस्ट 2007 मध्ये पॅरामाउंट ही स्टुडिओ कंपनी ब्ल्यू-रे सोडून त्यांच्याकडे आली, नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टने त्यांचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला. पण दोन्हीकडे सिनेमे देणाऱ्या वॉर्नर या स्टुडिओने 4 जानेवारी 2008 ला यापुढे फक्त ब्ल्यू-रे, असं जाहीर केलं आणि तिथेच निकाल लागला. लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली पत्रकार परिषद एचडी डीव्हीडीवाल्यांना रद्द करावी लागली. फेब्रुवारीत तेव्हा डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही मोठी दुकानं ब्ल्यू-रेकडे गेली. 19 फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली.

हरलेली डिस्क कमअस्सल होती, असं मात्र समजू नका. दोन्हींचा लेसर एकाच जातीचा, निळसर-जांभळा. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर साध्या डीव्हीडीसारखाच 0.6 मिलिमीटर आत असतो, त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोडे बदल करून ती निघायची. ब्ल्यू-रेत तो पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर, म्हणून ओरखडे पडू नयेत यासाठी वरून कडक लेप द्यावा लागतो आणि यंत्रसामग्रीही नवी लागते. त्या बदल्यात एका थरात 15 ऐवजी 25 जीबी मावतात.

मला खरी हळहळ वाटते ती रीजन कोडची, म्हणजे डिस्क कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालावी हे ठरवणाऱ्या खुणेची. एचडी डीव्हीडीला तो नव्हताच. ब्ल्यू-रेत अमेरिका ए आणि भारत सी, म्हणजे तिकडून मागवलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच याची खात्री नाही. तसं आपल्याकडे तेव्हा या भांडणाचं कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. 2007 मध्ये मोझर बेअर ही भारतीय कंपनी 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकत होती.

तुमच्याकडे जुन्या एचडी डीव्हीडी असतील तर त्या नेहमीच्या ब्ल्यू-रे प्लेअरवर लागणार नाहीत. एक्सबॉक्सचा तो जुना ड्राइव्ह सेकंडहँड मिळाला तर घ्या. तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येतो.