विघटक अन्नसाखळीच्या शेवटी येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की भक्षक आणि विघटक दोघंही दुसऱ्याने बनवलेल्या अन्नावर जगतात, मग त्यांना वेगळं का मोजायचं, आणि विघटक चित्रात नेहमी शेवटी का असतात.

आधी फरक बघू. नाकतोडा पान खातो, बेडूक नाकतोड्याला, साप बेडकाला. हे सगळे घास पोटात घेऊन मग पचवतात. बुरशी आणि जीवाणू, म्हणजे विघटक, आधी पचवतात, मग घेतात: विकरं (अन्न फोडणारी रसायनं) बाहेर सोडायची, अन्न जागेवरच विरघळवायचं आणि ते शोषून घ्यायचं. झाडाखालचा ओला पालापाचोळा हलक्या हाताने बाजूला करून पाहा. खालच्या पानांवर पांढरे, कापसासारखे धागे पसरलेले दिसतील; ती बुरशी. आणखी खाली एखाद्या पानाची नुसती शिरांची जाळी उरलेली असते. शिरांमधलं लिग्निन हे चिवट द्रव्य फोडणं मोजक्याच बुरशींना जमतं, म्हणून मऊ भाग आधी जातो.

गिधाड मेलेलं खातं, तरी ते भक्षकच. गांडूळ आणि शेणकिडे मधले. ते कुजकं खाऊन त्याचा भुगा करतात, त्यामुळे जीवाणूंचं काम वेगाने होतं.

आता ‘शेवटी’बद्दल. हे चित्र मला खरंच खटकतं. विघटक सापाच्या मरणाची वाट बघत बसत नाहीत. गळलेलं पान, नाकतोड्याची विष्ठा, बेडकाचं कलेवर, प्रत्येक कडीवर त्यांचं काम चालूच असतं. जंगलातली बहुतेक पानं तर कुणी न खाताच गळतात आणि थेट विघटकांकडे जातात. रेमंड लिंडमन या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९४२ साली ऊर्जेचा हिशोब मांडला. ढोबळमानाने अन्नसाखळीतल्या एका पातळीवरची १० टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीवर पोचते. ऊर्जा शेवटी उष्णता होऊन निघून जाते, ती विघटकही परत आणू शकत नाहीत. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र त्यांच्यामुळेच पुन्हा मुळांपर्यंत पोचतात.

शेणकिड्यांची ही मधली फळी अपुरी पडली तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. १७८८ मध्ये तिथे गुरं आली. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गुरांच्या ओल्या शेणाला बहुतेक जाती तोंड लावेनात. शेणाचे पो तसेच वाळून पडायचे, खालचं गवत मरायचं आणि ताज्या शेणात माश्या वाढायच्या. जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकतज्ज्ञाने हे ओळखलं, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुरांचं शेण जमिनीत पुरणारे किडे बाहेरून आणून तिथे सोडायला सुरुवात झाली.