ब्रिटिश फॅशन मासिके कोण वाचत होते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ‘व्होग’ हे ब्रिटनचे पहिले फॅशन मासिक ना?

नाही. ‘व्होग’ जन्माने न्यूयॉर्कचे, १८९२ सालचे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतून जहाजाने अंक आणणे अवघड झाले, तेव्हा मालक कॉन्डे नास्ट यांनी सप्टेंबर १९१६ मध्ये लंडनची आवृत्ती सुरू केली. तोवर ब्रिटिश बायकांच्या नियतकालिकांना सव्वादोनशे वर्षे होत आली होती. लंडनचे प्रकाशक जॉन डन्टन यांनी १६९३ मध्ये ‘लेडीज मर्क्युरी’ काढले. त्यात कपडेलत्ते नव्हतेच. प्रेम आणि लग्न यांवर बायकांचे प्रश्न आणि संपादकांची उत्तरे, एवढाच मामला. चार अंकांत गाशा गुंडाळला. धंद्याची सुरुवात प्रश्नोत्तरांच्या सदराने झाली, हे आम्हा सदरवाल्यांना जरा सुखावणारेच.

प्रश्न : मी लीड्सला राहतो. जुन्या बाजारात ‘लेडीज मॅगझिन’चा १७८०च्या दशकातला बांधीव खंड मिळाला. यादीत भरतकामाच्या नक्षीची पाने दिली आहेत, पण खंडात एकही नाही. मी फसलो का?

अजिबात नाही. ‘लेडीज मॅगझिन’ १७७० मध्ये निघाले, किंमत सहा पेन्स. कथा, गाण्यांची स्वरलिपी आणि घडी घालून बसवलेला नक्षीचा कागद असा ऐवज. तो कागद जपून ठेवायला नव्हताच. बाई तो सोडवून घ्यायची, रेघांवर सुईने बारीक भोके पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून कोळशाची पूड चोळायची. ठिपके उमटले की रेघ ओढायची आणि टाका घालायला बसायची. चार-दोन वेळा असे झाले की कागदाच्या चिंध्या. शिवणीजवळ बोट फिरवून पाहा, कापलेल्या कागदाची कड लागली तर पान कोणीतरी वापरले असणार. माझ्या लेखी असा खंड कोऱ्या खंडापेक्षा मोलाचा, विक्रेते काहीही म्हणोत.

हे अंक दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हातीही पडत. ‘जेन एअर’ची लेखिका शार्लट ब्राँटी हिने १८४० मधल्या एका पत्रात लिहिले आहे की आई किंवा मावशीचे, समुद्राच्या खाऱ्या पाण्याने डागाळलेले जुने अंक ती अभ्यास सोडून चोरून वाचायची. आत खुळ्या प्रेमकथा आहेत म्हणून वडिलांनी एक दिवस ते जाळून टाकले. खपाच्या आकड्यात ही वाचक कुठेच सापडणार नाही.

प्रश्न : साध्या मध्यमवर्गीय घरात ही मासिके कधी पोचली?

१८५२ मध्ये सॅम्युअल बीटन यांनी ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ अवघ्या दोन पेन्सला काढले. पुढच्या वर्षी जाहिरातींवरचा कर गेला, १८६१ मध्ये कागदावरचा, आणि स्वस्त अंक परवडू लागले. पण खरी मेख वेगळीच होती. १८६० मध्ये सॅम्युअल आणि त्यांच्या पत्नी इझाबेला पॅरिसला गेले आणि तिथल्या प्रकाशकाकडून हाताने रंगवलेली फॅशनची चित्रे मिळवण्याची व्यवस्था करून आले. अंकात आता कपडे बेतायचे कागदी पॅटर्नही येऊ लागले. शिंपिणीची मजुरी न परवडणारी बाई घरीच पॅरिसचा झगा बेतू लागली. अंगाला कसा बसला, हा भाग वेगळा.

प्रश्न : ‘व्होग’चा खप सगळ्यात जास्त असेल ना?

कधीच नव्हता. १९३७ मध्ये निघालेले ‘वुमन’ हे साप्ताहिक १९५०च्या दशकात दर आठवड्याला तीस लाखांवर प्रती खपवत होते. विणकामाचे नमुने, पाककृती, कथा, सल्ल्याचे सदर असा त्याचा ऐवज. गुळगुळीत कागदाच्या मासिकांचे गणित निराळे. ती वाचकाला अंक विकतात आणि जाहिरातदाराला वाचक विकतात. म्हणून किती यापेक्षा कोण हा प्रश्न मोठा. १९५६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वाचक पाहणीत घरच्या कमावत्याच्या नोकरीधंद्यावरून कुटुंबाला वरपासून खाली ए, बी, सी-वन, सी-टू, डी, ई अशी श्रेणी मिळे. एका प्रतीमागे किती वाचक हेही मोजत. केशकर्तनालयातल्या आणि दंतवैद्याकडच्या फाटक्या अंकांना तिथे भाव होता.

दुसऱ्या महायुद्धात या वाचकवर्गाची किंमत सरकारलाही कळली. ऑड्री विदर्स ‘व्होग’च्या संपादक असताना मासिकाने आखूड केसांची फॅशन उचलून धरली. कारखान्यांत यंत्रात केस अडकून बायकांना अपघात होत होते, म्हणून.

प्रश्न : पुरुषांसाठी काहीच नव्हते?

होते. १९८० मध्ये निघालेली ‘द फेस’ आणि ‘आय-डी’ संगीत आणि रस्त्यावरची फॅशन घेऊन आली. ती मुलगे-मुली दोघेही वाचत. १९९४च्या ‘लोडेड’ने बिअर, फुटबॉल आणि अर्धनग्न चित्रे यांवर धंदा केला. इंटरनेटवर तेच फुकट मिळू लागल्यावर त्या जातीची मासिके ढेपाळली.

प्रश्न : लंडनला जाणार आहे. जुने अंक कुठे बघता येतील?

ब्रिटिश लायब्ररीत, किंवा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या नॅशनल आर्ट लायब्ररीत. नाव नोंदवून अंक आधी मागवून ठेवा. जाहिराती पाहायच्या असतील तर तसे विचारून घ्या. बऱ्याच ग्रंथालयांनी खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली आहेत.