सेमीच्या आधी हुकमी पोराला बसवायचं का?

(या वेळी पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावर आलीत, शाळांच्या स्पर्धांचा सीझन आहे म्हणून असेल. तर सरळ सुरू करतो.)

प्रश्न : सर, मी भुसावळला एका शाळेत पीटी शिकवतो. आमची सतरा वर्षांखालची फुटबॉल टीम दोन मॅच जिंकून सेमीला पोचलीय, गटातली तिसरी मॅच गुरुवारी आहे, ती हरलो तरी पहिला नंबर जात नाही. सेमी शनिवारी. आमच्या नऊ नंबरच्या पोराने आठपैकी सहा गोल मारलेत आणि आता तो मांडीच्या मागे ओढ लागते म्हणतोय. हेडमास्तर म्हणतात खेळवा, पाहुणे येणारेत. त्याचे वडील म्हणतात बसवा. आणि पोरगा बसायचं नाव काढलं की रडतो. काय करू?

उत्तर : सर, बसवा. यात विचार करण्यासारखं फार काही नाहीच. मांडीच्या मागे ओढ लागते म्हणजे तिथला स्नायू, हॅमस्ट्रिंग, बोलतोय, आणि हॅमस्ट्रिंगचं असं असतं की चालताना काही नाही, जॉगिंगला काही नाही, आणि जोरात स्प्रिंट मारला की खटकन जातं, मग तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. आणि एकदा गेलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा जायला वेळ लागत नाही. त्यात गुरुवार ते शनिवार म्हणजे मध्ये जेमतेम ४८ तास, पूर्ण मॅच खेळलेल्या माणसाचे पाय नीट मोकळे व्हायला साधारण ७२ तास लागतात, म्हणजे धडधाकट पोरगा असता तरी मी त्याला अर्धीच मॅच दिली असती. हा तर दुखतंय म्हणतोय. आणि हल्ली पावसाने ग्राउंडवर काळ्या मातीचा जो चिखल झालेला असतो त्यात पाय घसरून मांडी ताणली जाणं किती सोपं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण बसवणं म्हणजे घरी ठेवणं नाही हां. ग्राउंडवर आणा, टीमसोबत वॉर्मअप करू दे, हलकं पासिंग करू दे, पाण्याच्या बाटल्या न्यायला लावा, काहीही, पण तो टीममध्ये आहे हे त्याला दिसलं पाहिजे. आणि शुक्रवारी स्प्रिंट मारताना दुखलं तर शनिवारचं नंतर बघा, आधी डॉक्टरला दाखवा. रडण्याचं म्हणाल तर बुधवारीच त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगा. मॅचच्या आधी सगळ्यांसमोर यादी वाचून त्याचं नाव गाळलं तर कोणीही रडेल, मीही रडलो असतो.

दुसरी चूक करू नका ती म्हणजे अकराच्या अकरा बदलण्याची. गोलकीपर आणि मधले दोन डिफेंडर तेच ठेवा, त्यांचं एकमेकांशी ओरडून बोलणं जमलेलं असतं, ते एकदा बिघडलं की सेमीत सापडत नाही. समोर मात्र दोन नवीन पोरांना सोडा, त्यातलाच एखादा शनिवारी कामाला येईल.

आता हेडमास्तर. सर, माझंच सांगतो. मी हाफबॅक खेळायचो, घोटा सुजलेला, मॅच अशीच बिनकामाची, पण त्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते म्हणून आमच्या कोचने मला क्रेप बँडेज आवळून उतरवलं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पाय वळला. सेमी मी ग्राउंडच्या कडेच्या निंबाखाली बसून पाहिली, २-० ने हरलो, आणि पाहुणे तर त्या दिवशी हाफटाइमलाच निघून गेले होते. हे हेडमास्तरांना सांगून बघा. ऐकलं नाही तर फ्रान्सच्या हुकमी झिदानचं सांगा, २००२ च्या वर्ल्डकपच्या पाच दिवस आधी फ्रान्सने दक्षिण कोरियाशी साधी फ्रेंडली खेळली आणि त्यात झिदानची मांडी गेली. मग पहिल्या मॅचला सेनेगलकडून १-० हार, उरुग्वेशी ०-०, तिसऱ्याला झिदान अर्धवट बरा होऊन उतरला आणि डेन्मार्ककडून २-०. आधीच्या कपचे जगज्जेते एकही गोल न मारता घरी.

प्रश्न : माझा पोऱ्या नोकरीसाठी अमेरिकेत इंडियानापोलिसला असतो. रविवारी व्हिडिओ कॉल केला की तिकडे तो अंड्यासारख्या बॉलचा फुटबॉल चालू असतो. त्याच्यात आणि त्याच्या रूममेटमध्ये कायम एक भांडण, की प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या आधी मोठ्या खेळाडूंना आराम द्यावा का, आणि दर वेळी २००९ सालचं काहीतरी निघतं. मी त्याला म्हटलं, बैल बसी ऱ्हायना का आयशी व्हस, म्हणजे बसून राहिलेला बैल आळशी होतो. तो हसला. तुम्ही सांगा, बाप बरोबर की नाही? — आप्पा, धुळे

उत्तर : आप्पा, अर्धे बरोबर. अर्ध्याचं खाली सांगतो, आधी ते २००९, कारण तुमचा पोरगा ज्या गावात राहतोय तिथल्या लोकांच्या मनात ती जखम अजून आहे.

त्या वर्षी इंडियानापोलिस कोल्ट्स पहिल्या १४ मॅच सलग जिंकले होते. तेव्हा सीझन १६ मॅचचा असायचा. प्लेऑफमधला पहिला नंबर पक्का झाला होता, म्हणजे हिशोबाने उरलेल्या दोन मॅचला अर्थ नव्हता. पण एकही मॅच न हरता सीझनही आणि कपही, हे आजपर्यंत फक्त १९७२ च्या मायामी डॉल्फिन्सनी केलंय, त्यामुळे गावाच्या दृष्टीने अर्थ होताच ना. २७ डिसेंबरला न्यूयॉर्क जेट्सशी घरच्या मैदानावर मॅच, तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोल्ट्स १५-१० ने पुढे, आणि कोचने पेटन मॅनिंगला बाहेर काढलं. मॅनिंग म्हणजे क्वार्टरबॅक, बॉल हातात घेऊन सगळा डाव चालवणारा माणूस. त्याच्या जागी आला नवखा कर्टिस पेंटर. मॅच गेली २९-१५ ने, आणि लोकांनी आपल्याच टीमची हुर्यो उडवली. पुढे कोल्ट्स सुपरबोलपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत पोचले आणि तिथे न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून ३१-१७ ने हरले. झालं, तेव्हापासून ‘आराम दिला म्हणून घालवलं’ हे वाक्य पक्कं बसलं.

आता गंमत ऐका, हे पोराला नक्की विचारा. त्याच सीझनला सेंट्सही पहिल्या १३ मॅच जिंकलेले, मग शेवटच्या तीनही हरले, आणि सगळ्यात शेवटच्या मॅचला त्यांनी आपल्या क्वार्टरबॅकला, ड्र्यू ब्रीजला, खेळवलंच नाही. म्हणजे फायनलला समोरासमोर आलेल्या दोन्ही टीम आराम करून आलेल्या! मग एकाच्या हारण्याचं कारण आराम आणि दुसऱ्याच्या जिंकण्याचं कारण काय? आणि त्याच वर्षी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी उलट केलं, प्लेऑफचं पक्कं असूनही पास झेलणाऱ्या हुकमी वेस वेल्करला शेवटच्या मॅचला उतरवलं, पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचा गुडघा गेला आणि पुढच्या आठवड्यात ते घरीच बाल्टिमोर रेव्हन्सकडून ३३-१४ ने बाहेर.

रूममेट लगेच जायंट्सचं काढेल, तयार राहा. २००७ ची शेवटची मॅच, न्यूयॉर्क जायंट्सचं प्लेऑफमधलं स्थान ठरलेलं, समोर तोपर्यंत एकही न हरलेले पेट्रियट्स. कोच टॉम कफलिनने सगळे मुख्य खेळाडू उतरवले, ३८-३५ ने हरले, पण आपण यांच्याशी भिडू शकतो हे त्यांना कळलं, आणि महिनाभराने सुपरबोलमध्ये त्याच पेट्रियट्सना १७-१४ ने पाडलं. गोष्ट छान आहे, मलाही आवडते. पण त्याच्या उलट गोष्टीही हव्या तेवढ्या आहेत, कॅन्सस सिटी चीफ्सनी २०२३ च्या सीझनला शेवटच्या मॅचला आपल्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, बसवलं आणि कप नेला. पुढच्या सीझनला फिलाडेल्फिया ईगल्सचा सॅक्वॉन बार्कली, सीझनभरात बॉल घेऊन २००५ यार्ड पळून झालेले, १९८४ पासूनचा एरिक डिकरसनचा २१०५ चा विक्रम एका मॅचच्या अंतरावर, आणि कोचने त्याला बसवलं. विक्रम राहिला तो राहिलाच, पण ईगल्सनी सुपरबोल ४०-२२ ने जिंकला. फिलाडेल्फियात त्या विक्रमाबद्दल आता कोण रडतंय?

आता तुमचा बैल. आप्पा, पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला जू लावत नाही, आदल्या दिवशी खांदे मळतो, तो काय त्याने आयशी होतो का? दुसऱ्या दिवशी सरळ औताला उभा राहतो. पण तोच बैल तीन आठवडे दावणीला बांधून ठेवा आणि मग एकदम नांगराला जुंपा, तेव्हा तुमचं म्हणणं खरं ठरतं. बाल्टिमोरचं २०१९ ला हेच झालं असं माझं मत आहे. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, २२ डिसेंबरला खेळला, शेवटच्या मॅचला बसवला, त्यापुढचा आठवडा पहिल्या नंबरवाल्यांना तसाही सुट्टीचा असतो, आणि मग एकदम ११ जानेवारीला टेनेसी टायटन्ससमोर. वीस दिवस! १४ मॅच जिंकलेली टीम घरच्या मैदानावर २८-१२ ने गारद. आता त्यात टायटन्सच्या डेरिक हेन्रीने १९५ यार्ड पळून त्यांना तुडवलं हेही आहेच, सगळं खापर आरामावर फोडता येणार नाही. पण पुढे सुट्टीचा आठवडा असेल तर मी तरी माझ्या क्वार्टरबॅकला शेवटच्या मॅचला निदान एक-दोन डाव खेळवेन आणि मग टोपी घालून बाजूला उभा करेन.

अजून एक, तिकडे एका टीमकडे ५३ खेळाडू असतात आणि मॅचला त्यातलेही सगळे तयार करता येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना आराम असं कधी होतच नाही. दोन-चार जणांनाच मिळतो, बाकीचे बिचारे त्याच मॅचला डोकी फोडून घेत असतात.

प्रश्न : आम्ही जळगावहून रात्रभर प्रवास करून मुंबईला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलची मॅच बघायला गेलो, चार जणांचा तिकिटासकट भरपूर खर्च, आणि ज्याच्यासाठी गेलो तो बेंचवरही नव्हता. ही फसवणूक नाही का?

उत्तर : भाऊ, यात्रेत फडाच्या पाटीवर जिचं नाव मोठ्या अक्षरात असतं ती रात्री तब्येत बरी नाही म्हणून तंबूतच बसून राहिली की लोक खुर्च्या उचलतात, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. तुमचं तिकीट टीमच्या मॅचचं होतं, एका माणसाचं नाही, असं क्लबवाले म्हणतील आणि कागदावर ते बरोबर आहे. पण पोस्टर मात्र त्या एकाच माणसाचं लावतात ना. माझं म्हणणं एवढंच, बसवायचाय तर आदल्या दिवशी जाहीर सांगा. दुखापत लपवायची असते, समोरच्याला कळू नये म्हणून, हे मला माहितीये, पण जिथे मॅचलाच अर्थ नाही तिथे काय लपवायचं?

इंग्लंडमध्ये याच्यावरून दंडही झालेत. २००९ च्या डिसेंबरमध्ये वुल्व्हज मँचेस्टर युनायटेडकडे जवळपास पूर्ण दुसरी फळी घेऊन गेले तर त्यांना २५ हजार पौंडांचा दंड झाला, तो स्थगित ठेवला ते वेगळं. पुढच्या वर्षी ब्लॅकपूलने अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध दहा जण बदलले, त्यांना मात्र २५ हजार खरोखर भरावे लागले. गंमत म्हणजे ब्लॅकपूलची ती दुसरी फळी काही लोळली नव्हती, ३-२ ने हरली, तीही शेवटच्या मिनिटांतल्या गोलवर.

पण प्रेक्षकापेक्षा मला जास्त खटकतं ते तिसऱ्याचं नुकसान. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये पोर्तुगाल आधीच पुढे गेलेलं होतं, दक्षिण कोरियाविरुद्ध त्यांनी रोनाल्डोला उतरवलं पण बाकी बरेच बदल केले, आणि कोरियाने भरपाई वेळेत गोल मारून २-१ ने जिंकलं. त्याच गटात तिकडे उरुग्वे घानाला २-० ने हरवून बसलेलं, गुण सारखे, गोलफरक सारखा, फक्त कोरियाने मारलेले गोल जास्त म्हणून उरुग्वे बाहेर. त्यांनी कोणाकडे तक्रार करायची? वरच्या आप्पांच्या गोष्टीतही हेच आहे, मॅनिंगला काढल्यामुळे जी जेट्स टीम जिंकली ती त्या जोरावर प्लेऑफमध्ये घुसली, आणि ह्यूस्टन न् पिट्सबर्ग तेवढ्याच मॅच जिंकून घरी बसले. नंतर तीच जेट्स सुपरबोलच्या आधीच्या मॅचला कोल्ट्सच्याच दारात येऊन उभी राहिली. कोल्ट्सनी तेव्हा ३०-१७ ने हरवलं म्हणून वाचले, नाहीतर त्या कोचला गावात तोंड दाखवता आलं नसतं. याला नियमाने काही उपाय नाही, फक्त गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी ठेवायच्या, तेवढं तरी फिफा करते.

प्रश्न : आमच्या कॅप्टनला एक यलो कार्ड आहे. आणखी एक मिळालं तर सेमी बुडेल. मुद्दाम आधीच घेऊन मोकळं व्हावं का? — अमळनेर

उत्तर : नाही रे बाबा. २०१९ मध्ये रेआल माद्रिदच्या सर्जियो रामोसने अ‍ॅम्स्टरडॅमला आयॅक्सविरुद्ध २-१ ने पुढे असताना मुद्दाम कार्ड घेतलं, पुढची मॅच घरचीच आहे, सहज जाईल म्हणून. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, मुद्दामपणाबद्दल वर आणखी एका मॅचची बंदी घातली आणि घरच्या मॅचला माद्रिद ४-१ ने बुडालं, रामोस वर बॉक्समध्ये बसून बघत होता. तुमच्या कॅप्टनला शेवटच्या गटमॅचला बसवा, कार्डाचा प्रश्नच मिटतो.

प्रश्न : मॅचच्या आदल्या दिवशी माझा मुलगा दिवसभर झोपून राहतो, म्हणतो स्टार खेळाडू आराम करतात. आणि केळी खाल तर जड होतं म्हणून केळी बंद. रावेरात राहून! — एक आई

उत्तर : ताई, स्टार खेळाडू आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तास हलका सराव करतातच, हे त्याला सांगा. सकाळी थोडं पळून, पाय मोकळे करून येऊ दे, दुपारी तासभर झोपला तर झोपू दे, रात्री मात्र दहाला मोबाईल तुमच्या उशाखाली. केळी मॅचच्या तासभर आधी एक, आणि हाफटाइमला हवं तर अर्धं. जड होतं ते केळ्याने नाही, सकाळी निघताना भरीत-भाकरी पोटभर हाणून जात असेल त्याने होतं, ते आधी विचारा.