माझ्याकडे २००७ची बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर आहे. दापोलीजवळच्या गावी आणि बागेत नेण्यासाठी लिफ्ट किट, ३१ इंची टायर आणि विंच टाकू का? अंदाजे काय करावं लागेल?

लिफ्ट किट टाकू नका. टायर मूळ मापापेक्षा एक पायरी मोठे चालतील, ३१ इंची नाही. एवढं पुरत असेल तर इथेच थांबा, कारण पुढे आमच्या घरातलं भांडण येणार आहे.

माझी कॅम्पर २००६ची, तुमच्यापेक्षा वर्षाने थोरली. आमची आंब्याची कलमं रत्नागिरी तालुक्यात सड्यावर. घरापासून चार किलोमीटर, त्यातलं निम्मं उघडा कातळ आणि वाटेत दोन पऱ्ये, म्हणजे ओढे. बरीच वर्षं ती गाडी कंपनीतून आली तशीच पेट्या वाहत होती. कधी अडकली नाही असं म्हणत नाही, पण अडकली तेव्हा दोन माणसं आणि चाकाखाली चार चिरे एवढ्यावर निघाली.

मग एका गणपतीत मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, ही गाडी आहे की बैलगाडी?" त्याच्या ओळखीचं दुकान होतं. ३१ इंची टायर, मागे स्प्रिंगचे पाटे चॅसीला टांगणारे शॅकल लांबवाले, आणि एक जादा पाटा. गाडी उंच झाली, देखणी झाली. खोटं कशाला बोलू, शिमग्याला गावात नेली तेव्हा पोरं तिच्यासोबत फोटो काढत होती आणि मी शेजारी उभा राहत होतो.

पुढच्या मे महिन्यात कोल्हापूरला आंबा टाकून येताना हौद्यात खताची अठरा पोती भरली. पन्नास किलोची, म्हणजे नऊशे किलो. आंबा घाट मी शेकडो वेळा उतरलोय. दुसऱ्यात टाकायची, गाडी इंजिनावरच धरून उतरते, ब्रेकला अधूनमधून नुसता पाय लावायचा. त्या दिवशी ती धरेचना. ब्रेक जास्त लागायला लागला, मग पुढून जळका वास, मग पॅडल मऊ, आणि एका वळणाच्या तोंडावर पॅडल सरळ तळाला. पहिल्यात घातली, हँडब्रेक खेचला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाकं उतरवली. बंपर गेला, एक दिवा गेला, दोन पोती फुटली. शेजारी बायको होती. ती अजूनही त्या गाडीतून घाट उतरत नाही, एसटीने येते.

साखरप्याहून मिस्त्री आला. पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. त्याने मागच्या ड्रमला हात लावला आणि तसाच ठेवला. ड्रम गार! मग खाली वाकून म्हणाला, "ही दांडी बघितलंस काय रे कधी? हौदा रिकामाच हाय, असा समज झालाय तिचा."

मागच्या अॅक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्वपर्यंत दांडी जाते. माल भरला की हौदा दबतो, दांडी वळते आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त जोर सोडतो. रिकाम्या गाडीची मागची चाकं घसरू नयेत म्हणून केलेली ही सोय. आम्ही मागून गाडी उचलली, दांडीचं सेटिंग कोणी बदललं नाही. नऊशे किलो भरूनही व्हॉल्वच्या लेखी गाडी रिकामी! सगळा भार पुढच्या डिस्कवर. हँडब्रेकने धरलं, कारण त्याची केबल थेट मागच्या ड्रमला जाते, व्हॉल्वशी तिचा संबंध नाही.

दुसरा हिशेब टायरचा. माझे मूळ टायर २१५/७५ आर १५, उंची साधारण ७०३ मिलिमीटर. ३१ इंची म्हणजे ७८७. बारा टक्के वाढ. तेवढेच गिअर लांब होतात, म्हणून दुसरा गिअर धरेना. काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी ४५वर असते. आणि आपल्याकडच्या चिखलाला रुंद टायर हवा हे कोणी सांगितलं? वर लाल माती, खाली कातळ. अरुंद टायर माती कापून कातळाला भिडतो, रुंद टायर वर तरंगत घसरतो. वाळूत उलटं, पण त्यासाठी टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणली की पुरते. कातळावर येण्याआधी परत भरा, नाहीतर चिऱ्याची धार टायरची बाजू फाडते.

वाळूचं निघालंच आहे म्हणून, किनाऱ्यावर गाडी घालूच नका. वेळास, आंजर्ले या तुमच्याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आणि गाडी खाल्ली जाते ती मिठाने. चॅसीच्या पोकळीत लाल माती साचते, त्यात खारा ओलावा बसून राहतो आणि बाहेरून रंग चकचकीत असताना आतून पत्रा पापडासारखा होतो. लिफ्टचे पैसे तिथे घाला. पावसाळ्याआधी आणि नंतर खालून गोड्या पाण्याने, भोकांत पाइप घालून धुवा. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी आधी चाखून बघा, अनेक ठिकाणी तेच मचूळ असतं. ब्रेकचे पत्र्याचे पाइप हाताने चाचपा. जुनं काळं ऑइल चॅसीला फासायची आपल्याकडे पद्धत आहे, मीही फासतो, पण रबरी बुशांवर उडू देऊ नका, रबर फुगतं.

पऱ्या ओलांडणार असाल तर दोन्ही अॅक्सलचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची तोंडं, नळी लावून बोनेटपर्यंत वर आणा. काम किरकोळ आहे. अॅक्सलमधला गरम डिफरन्शिअल, म्हणजे गिअरचा गोळा, थंड पाण्यात शिरला की आत पाणी ओढतं आणि ऑइल चहासारखं दिसायला लागतं. फोर बाय फोरचा दांडा महिन्यातून एकदा मातीवर लावून सोडवत जा, नाहीतर ऐन जुलैत तो हलणार नाही. सुक्या डांबरावर मात्र लावून वळू नका.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि आरसी बुकाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये पुन्हा सांगितलंय. माझा विम्याचा दावा कसा गेला ते विचारू नका.

चुलतभाऊ आजही म्हणतो, "दादा, तू चार वर्षं ब्रेक ऑइल बदललं नव्हतंस." नव्हतं बदललं. ते हवेतला ओलावा पितं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी प्यायल्यावर १४० अंशांनाही उकळू शकतं, आणि उकळलं की पॅडल तळाला जातं. कोकणातली हवा तुम्हाला माहीत आहे, दोन वर्षांच्या वर ठेवू नका. पण माझं म्हणणं एवढंच, की ऑइल उकळलं हे खरं, त्याला उकळवलं कोणी? मागचे ड्रम गार होते. मिस्त्रीने माझाही हात धरून लावून दाखवला होता.

हां, आणि नीट किट बसवून व्हॉल्वची दांडी जुळवून देणारे लोकही असतील. मला भेटले नाहीत.

विंचचं, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढणाऱ्या चरखीचं, राहिलंच. मी लावलेली नाही. पुढचं वजन वाढतं, आणि सड्यावर तिचा दोर बांधायला झाड कुठाय? वीस फुटांचा पट्टा, दोन शॅकल आणि एक फावडं सीटमागे ठेवतो. हे शॅकल पट्ट्याचे. ते दुसरे, लांबवाले, अजून पडवीत पडलेत.